सिंथ नंतर घ्या

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून ज्यांना चाकोरीबाहेरचं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं आहे, त्यांची पहिली खरेदी बहुतेक वेळा सिंथची (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य) असते. मग दुसरा सिंथ, मग ते लॅपटॉपला जोडायला मोठा इंटरफेस. पैसे संपतात तेव्हा खोली तशीच घुमत असते आणि एकाही गाण्याच्या हक्कांचा कागद झालेला नसतो. माझं मत असं की सुरुवातीचा सगळा पैसा खोली, एक बरा हेडफोन आणि कागदपत्रं यांत घालावा. लॅपटॉपमधले सिंथ पहिली काही वर्षं सहज पुरतात, आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

हा व्यवसाय रेकॉर्डच्या विक्रीवर कधीच चालला नाही, हेही आधी मान्य करून टाकू. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर लावून दिला, तिथे आपल्या लोकांनी केलेलं काम बाहेर यायला अर्धशतक गेलं. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं जोडून रागांवर डिस्को रेकॉर्ड काढली. शिकागोत ॲसिड हाउस, म्हणजे याच टीबी-३०३ वर उभं राहिलेलं नृत्यसंगीत, रुजण्याच्या काही वर्षं आधी! ती चालली नाही. २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा नाव झालं आणि सत्तरीतल्या माणसाला बाहेरून कार्यक्रमांची बोलावणी आली. त्यांचा व्यवसाय मात्र चित्रपटसंगीतातल्या वादकाचा होता. आजही गणित तेच आहे. स्वतःचं संगीत एका हाताने, पैसे देणारं काम दुसऱ्या हाताने, आणि दोन्ही त्याच खोलीत.

खोली

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टॉवरमधली बेडरूम साधारण दहा बाय दहा, फार तर दहा बाय अकरा. स्लॅब साडेनऊ फुटांच्या आसपास. लांबी, रुंदी, उंची जवळजवळ सारखी असणं ही बेससाठी (खालच्या सुरांसाठी) सगळ्यात वाईट गोष्ट, कारण तिन्ही दिशांचा घुमारा एकाच सुराभोवती जमा होतो.

हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की ५६ हर्ट्झ. आता पांढरी सहाचा अगदी खालचा बेसचा सूर ५५ हर्ट्झचा असतो. म्हणजे पांढरी सहामध्ये ट्रॅक केला की अख्खी खोली तुमच्याबरोबर गाते, आणि तोच ट्रॅक पांढरी तीनमध्ये नेला (४१ हर्ट्झ) की बेस गायब झाल्यासारखा वाटतो. दोष पॅचचा, म्हणजे सिंथवर बांधलेल्या आवाजाचा, नसतो. त्यात भर म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ५६ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही, आणि भिंतीला पाठ टेकवून बसलात तर तोच अंगावर येतो. मध्यावर बसणारा माणूस बेस वाढवत नेतो आणि गाडीत त्याचा चिखल ऐकू येतो. भिंतीला टेकून बसणारा बेस कापत नेतो आणि क्लबमध्ये त्याचा ट्रॅक पत्र्यासारखा वाजतो.

म्हणून आधी खुर्ची हलवा, ते फुकट आहे. समोरच्या भिंतीपासून कान खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत साधारण तीन फूट दहा इंचांवर, अशी सुरुवात करा. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर. एका बाजूला काचेची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला कपाट असेल तर टेबल नव्वद अंशांत फिरवून बघा. मग साधा साइन टोन (एकच शुद्ध सूर) ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत एकेक पायरी वाढवत खुर्चीवर बसून ऐका आणि कुठे फुगतो, कुठे बुडतो ते कागदावर लिहा. पुढे मापनाचा माइक घेतलात तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि हेच चित्र आलेखात दाखवतं.

अंड्याच्या ट्रेसारखा एक इंची फोम लावू नका. तो वरच्या फ्रीक्वेन्सी खातो, बेसला हात लावत नाही, आणि खोली आधीपेक्षा जास्त कोंदट वाटते. त्याऐवजी रॉकवूल घ्या. घनता घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो, स्लॅब चार बाय दोन फूट, जाडी ५० मिलिमीटर. दोन स्लॅब एकावर एक ठेवून चार इंची चौकट होते. सहा चौकटींना बारा स्लॅब लागतात. दोन चौकटी बाजूच्या भिंतींवर (मित्राला भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून स्पीकर जिथे दिसेल तिथे), एक डोक्यावर, एक पाठीमागे, दोन कोपऱ्यांत तिरप्या. भिंत आणि चौकट यांत तीन-चार इंच मोकळी जागा सोडा, म्हणजे तेवढ्याच मालात जास्त काम होतं. कापड फुंकर मारली तर पलीकडे जाईल असं हवं. रेक्झिन चालत नाही. कापताना मास्क आणि हातमोजे घालाच, तंतू कातडीत रुततात. सुतार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

एवढं करूनही ५६ हर्ट्झ पूर्ण शांत होत नाही. त्याची लाट सहा मीटर लांब असते, चार इंची चौकटीला ती जुमानत नाही. चौकटी साधारण शंभर हर्ट्झच्या वर नीट काम करतात. खालचा भाग खुर्चीची जागा, कोपऱ्यांत फूट-दीड फूट जाडीचे ढिगारे आणि हेडफोन यांनी सांभाळायचा. पाच इंची स्पीकरला सबवूफर जोडायचा विचार या खोलीत करूच नका.

आणि हे सगळं खोलीच्या आतल्या आवाजासाठी आहे. बाहेर जाणारा आवाज याने थांबत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू जाणारा किक (बीटमधला जाड ठोका) आरसीसीतून उतरतो. स्पीकर टेबलावरून उचलून जाड रबरावर ठेवले तर थोडा फरक पडतो, पण रात्री दहानंतर हेडफोन हाच सोसायटीत टिकणारा उपाय.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या भागांत तिघा-चौघांनी मिळून गाळा घेणं हा दुसरा मार्ग. रात्री आणि रविवारी तिथे कुणाला त्रास होत नाही. पण घेण्याआधी कामाच्या दिवशी दुपारी जाऊन शेजारी काय चालतं ते ऐका. पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून येतो आणि माइकला नीट ऐकू जातो. वीज घरगुती दराने मिळत नाही, शटरमधून सगळा आवाज आत-बाहेर होतो आणि पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाचे चार महिने तिथे काही रेकॉर्ड होत नाही. शटरच्या आत विटांची भिंत आणि जड दार उभारायला मालकाची लेखी परवानगी घ्या.

घरघर आणि दमट हवा

स्पीकरमधून येणारी घरघर चार्जर काढल्यावर थांबली, तर तो ग्राउंड लूप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर ५० आणि १०० ला ऐकू येते. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर, सिंथ सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या बोर्डवर आणा, वायरी बॅलन्स्ड वापरा, तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन यंत्रांचं ग्राउंड वेगळं करणारी छोटी पेटी) मधे घाला. कामाच्या मधे माउस हलवला की किरकिर येत असेल तर ती यूएसबीतून येते, तिला यूएसबी आयसोलेटर लागतो. प्लगची जाड पिन तोडून अर्थिंग घालवणं हा उपाय गल्लोगल्ली सांगितला जातो. तो जिवावरचा आहे. जुन्या इमारतीत आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पावसाळ्यात नॉब फिरवला की करकर येते, कंडेन्सर माइक अधूनमधून तडतडतो. माइक वापरून झाल्यावर सिलिका जेलच्या पाकिटांसह घट्ट डब्यात ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे नको. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर रॉकवूलची चौकट तिथून हलवा, बुरशी मागच्या बाजूने धरते आणि वास येईपर्यंत कळत नाही.

आवाज कुठून आणायचे

जुन्या मराठी गाण्याचा तुकडा उचलून त्यावर बीट बसवायचा मोह सगळ्यांना होतो. त्याला दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक चालीची आणि शब्दांची, दुसरी ध्वनिमुद्रणाची. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं असतं, म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या रेकॉर्डचं २०२० अखेर संपलं. पण चालीचं संरक्षण संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. त्यामुळे तबकडी मोकळी आणि चाल बांधलेली, अशी स्थिती नेहमीची. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ वगैरे जे ऐकिवात आहे त्याला कायद्यात आधार नाही.

त्यापेक्षा वादक बोलवा. हलगी, संबळ, तुतारी वाजवणारी माणसं ठाणे जिल्ह्यात मिळतात आणि त्यांचा आवाज कुठल्याही सॅम्पल पॅकपेक्षा जिवंत असतो. हलगीचं उदाहरण घेऊ. चामडं तापवून ताणलेलं असतं. दमट हवेत ते दर काही मिनिटांनी सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून शक्यतो हिवाळ्यात रेकॉर्ड करा आणि दर टेकनंतर पुन्हा तापवायला वेळ ठेवा. इमारतीत शेकोटी पेटवता येत नाही, गाळ्याबाहेर किंवा गच्चीवर सोय आधी बघून ठेवा. एक माइक फूट-सव्वा फुटावर, कडेकडे तिरका, दुसरा पाच-सहा फुटांवर. बारीक काडीचा टणत्कार मीटरला दिसतो त्याहून जोराचा असतो, म्हणून पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आधी पूर्ण ताल मोकळा वाजवून घ्या, क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) नंतर. क्लिक कानात गेला की अनेक वादकांच्या लयीतला झोल निघून जातो आणि तोच तर तुम्हाला हवा असतो. शेवटी एकेक बोल सुटा, हळू आणि जोरात, प्रत्येकी सात-आठ वेळा. पैसे त्याच दिवशी द्या, आणि तुकडा कुठे कुठे वापरला जाईल ते मराठीत लिहून सही घ्या.

कागद

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. कलम १९ वाचलंत तरी निम्मी फसवणूक टळते. हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समोरच्याने घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते परत तुमच्याकडे येतात. संगीतकार आणि गीतकार यांचा रॉयल्टीचा समान वाटाही २०१२ नंतर असा लिहून घेता येत नाही. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ या ओळीखाली घाईने सही करू नका. निदान कालावधीवर तरी बोला.

दुसरी खाच: ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याच्या नजरेत तो, ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. बीट तुम्ही रात्रभर बसून बांधला तरी पैसे आणि स्टुडिओ दुसऱ्याचा असेल तर मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) त्याचं ठरू शकतं. गायिकेबरोबर, रॅपरबरोबर काम करताना एका पानाची वाटणी त्याच दिवशी करा. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पॅनवरचं नाव, चाल-शब्दांतली टक्केवारी, मास्टरमधली टक्केवारी वेगळी, सह्या. दोन टक्केवाऱ्या एकत्र लिहिल्या की पुढे भांडण ठरलेलं. गाणं चालायच्या आधी हे बोलणं सोपं जातं, चालल्यावर सगळ्यांची स्मरणशक्ती आपापल्या बाजूने वळते.

आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. ती संस्था चाल आणि शब्दांची रॉयल्टी गोळा करते. सभासद होऊन कृती नोंदवल्या नाहीत तर काहीच येत नाही, आणि निम्मे लोक इथेच थांबतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक असतो. वितरक (तुमचा ट्रॅक स्ट्रीमिंग सेवांवर चढवणारी कंपनी) तो देतो. वितरक बदलताना जुनाच क्रमांक पुढे न्या, नाहीतर ऐकण्याचे आकडे शून्यावर येतात.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात. ट्रॅक चार आठवडे आधी चढवा, स्पॉटिफायच्या संपादकांना किमान सात दिवस आधी पाठवा. २०२४ पासून तिथे बारा महिन्यांत हजार वेळा ऐकला न गेलेला ट्रॅक पैसे मिळवत नाही, त्यामुळे नव्या माणसाने तिथल्या कमाईवर हिशोब मांडू नये. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि आपल्या प्रकारच्या संगीताला तिथे खरे गिऱ्हाईक मिळतात. पैसे डॉलरमध्ये पेपालवरून येतात, पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) बरोबर निवडा आणि परकीय रक्कम आल्याचं बँकेचं पत्र जपून ठेवा. कलाकाराचं नाव घेण्याआधी तेच नाव कुणाचं आहे का ते शोधा. दोघांचं नाव एक असेल तर दुसऱ्याचं भजन तुमच्या पानावर येऊन बसतं.

मास्टर करताना स्ट्रीमिंगला उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास सगळं समपातळीवर आणलं जातं हे लक्षात ठेवा, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे एक. फोनच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ वाजतच नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) देऊन ११०, १६५, २२० हे त्याचे वरचे सूर उभे करा. मग रिक्षात बसलेल्या माणसालाही बेस आहे असं वाटतं.

पैसे देणारं काम

एकांकिका, प्रायोगिक नाटक, लघुपट, जाहिराती, नृत्याचे कार्यक्रम. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर, वाशीत विष्णुदास भावे, आणि त्यांभोवती नाटकवेड्यांची मोठी वस्ती. या लोकांना वेगळा आवाज हवा असतो आणि बजेट नसतं. तरी घ्या, पण मास्टर स्वतःकडे ठेवून वापराचा हक्क तेवढा द्या. तीच थीम पुढे दुसरीकडे वापरता येते. निम्मे पैसे आधी, दोन फेरफार दरात, तिसऱ्याला वेगळे पैसे, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

नाटकाला प्रत्येक क्यू (ठरलेल्या जागी वाजायचा तुकडा) वेगळी वेव्ह फाइल, नावापुढे ०१, ०२ असे आकडे, फेड आतच केलेला. फाइल साध्या मीडिया प्लेअरमधून वाजवू देऊ नका, एक संपली की पुढची आपोआप सुरू होते आणि मृत्यूच्या प्रसंगात वरात वाजते. क्यू वाजवायचं क्यूलॅब हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. विंडोज असेल तर तुम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये (डीएडब्ल्यू) संगीत बांधता त्याच्याच क्लिप लाँचरमध्ये क्यू मांडा. पडद्यासाठी काम ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये द्या आणि फ्रेमरेट २४ की २५ ते आधी विचारा. संवाद चालू असताना साधारण एक ते चार किलोहर्ट्झमध्ये काही टोकदार ठेवू नका, ती जागा माणसाच्या आवाजाची.

कार्यक्रमाच्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला गेला असेल तर तो आयकर खात्याच्या २६एएस या नोंदीत दिसतो का बघा आणि रिटर्न भरून परत मागा. उत्पन्न कमी आहे म्हणून रिटर्न न भरणारे दरवर्षी आपलेच पैसे सोडून देतात. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

मंचावर

कार्यक्रम बहुतेक लोअर परळ किंवा खारच्या बाजूला. म्हणून सेट एका पाठपिशवीत आणि एका कडक पेटीत मावला पाहिजे. संध्याकाळच्या गर्दीत लगेजचा डबा बरा, परतीच्या गाडीचे पैसे मानधनात आधीच धरा. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६ ठेवा, ४८ किलोहर्ट्झला तो पाच मिलिसेकंदांचा होतो आणि लॅपटॉप गरम झाला तरी तुटत नाही. वायफाय, अपडेट, स्क्रीन बंद होणं हे सगळं घरीच बंद करून या. फोनमध्ये दहा मिनिटांचा शांत ट्रॅक ठेवून तो मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला लावून ठेवा. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत तोच वाचवतो.

साउंडचेकला पहिला प्रश्न सबबद्दल, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरांबद्दल, आणि किती हर्ट्झच्या खालचं त्यांच्याकडे जातं त्याबद्दल: ‘दादा, सब मोनो आहेत ना? क्रॉसओव्हर किती ठेवलाय?’ दादा बहुतेक ‘ऐंशी-नव्वद, मोनोच’ म्हणतील. डावी-उजवीकडे पसरवलेला बेस मोनो सबमध्ये एकमेकाला खातो, म्हणून १२० च्या खालचं सगळं घरूनच मोनो करून न्या. खुल्या जागेत रात्री दहाला आवाज बंद हा २००० च्या नियमांचा भाग आहे, राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा ठाण्यात, नवी मुंबईत मोकळ्यावर कार्यक्रम करायचा तर सातला सुरू करा, आणि गणपती-नवरात्रात ठेवूच नका, साउंडवाले मोकळे नसतात.

एक काम लोक विसरतात ते ट्रॅक पूर्ण झाल्याच्या दिवशी करायचं. प्रत्येक चॅनेलची वेव्ह फाइल पहिल्या बारपासून, सारख्या लांबीची, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरडी काढा. पाच वर्षांनी ते प्लगइन उघडणार नाहीत. फोल्डरच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा, वाटणीच्या पानाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. एक प्रत घरी हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. घरची डिस्क सहा महिन्यांतून एकदा जोडून दोन-चार फाइली वाजवून बघा.